कुर्ल्याला जाऊ, मामाला भेटू!

व्याकरण म्हटले की आठवते ती प्रत्ययांची रांग: स, ला, ते, ने, ए, शी... आमच्या पिढीने ती घोकली, परीक्षेत उतरवली आणि विसरूनही गेलो. आता २०२०च्या कायद्याने राज्यातील सर्व बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. पण भाषेची गोडी कायद्याने लागत नाही, ती घरातच लागते.

आमच्या उपनगरांत, घाटकोपर असो की बोरिवली, मुलाच्या कानावर दिवसभर मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी पडत असते. मग ‘मी तुला बोललो’, ‘माझी मदत कर’ अशी वाक्ये येतात. घरातले मोठे खो खो हसतात. पुढच्या वेळी मूल तेच इंग्रजीत सांगते. अशी गप्प झालेली मुले मी पाहिली आहेत आणि नातवंडाचे बोलणे न कळल्याने नुसत्या हसणाऱ्या आज्याही! चुकलेल्या प्रत्ययापेक्षा हे नुकसान मोठे.

यावर उपाय म्हणजे खेळ. आमच्या घरचा आवडता खेळ लोकलचा. एकाने स्टेशनचे नाव घ्यायचे, दुसऱ्याने ‘ला’ जोडायचा. मुलुंडला, विक्रोळीला, दादरला. गाडी सुरळीत धावते. पण कुर्ला आला की ‘कुर्ल्याला’! माटुंग्याला, ठाण्याला. पश्चिम रेल्वेवर पार्ल्याला, वांद्र्याला. ‘ही नावे का बदलली?’ एवढेच विचारावे. शेवटी ‘आ’ किंवा ‘ए’ असल्याचे मूलच शोधून काढते. सामान्यरूप हा शब्द नंतर सांगितला तरी चालतो.

मग गंमत वाढवावी. घोडा, घोड्याला, मग मामा? ‘माम्याला’ म्हणताच मूल स्वतःच हसते. नात्यातली काही माणसे बदलत नाहीत: मामाला, काकाला, दादाला. मुलाला नियम ठाऊक नव्हता, पण कानाला ठाऊक होता!

जेवणाची पाने घेतानाही खेळता येते. तो चमचा, ते चमचे. ती वाटी, त्या वाट्या. ते ताट, ती ताटे. पुढे बाहेरून आलेले शब्द घ्यावेत: तो फ्रीज, ती बस, ते टेबल. ‘बस ती कशी?’ या प्रश्नावर घरात वाद झडू द्यावा. आम्ही ‘गाडी’कडे बोट दाखवतो.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. खेळ दहा मिनिटांचा असावा आणि चूक झाल्यास हसू नये. मूल म्हणाले, ‘माझी मदत कर,’ तर आपण उत्तर द्यावे, ‘हो, तुला मदत करते.’ योग्य रूप कानावर पडते आणि मान खाली जात नाही.

मुंबईत जन्मलेल्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, मोरो केशव दामल्यांचा मोठा ग्रंथ १९११ साली. लोक त्याआधीही शतकानुशतके मराठी बोलतच होते. बोलणे आधी, नियम मागाहून. घरातही हाच क्रम ठेवावा. मूल बोलते राहिले, तर व्याकरण त्याच्यामागून चालत येईल.