निळी रेषा, लाल रेषा : प्लॉट घेण्याआधी पुराची भाषा

चाकणच्या दक्षिणेला इंद्रायणी, उत्तरेला भामा, तिच्या पलीकडे भीमा. या पट्ट्यात नोकरीसाठी आलेली माणसं गुंठा-दोन गुंठे घेऊन घर बांधतात. प्लॉट बघायला जायचं ते बहुधा उन्हाळ्यात. नदी खाली कुठेतरी बारीक वाहत असते आणि ‘इथपर्यंत पाणी कधी येत नाही हो’ असं कुणीतरी सांगतं. हे वाक्य तपासायचं कसं, एवढंच आज बघू.

पहिली गोष्ट, पाऊस कुठे पडतो ती. इंद्रायणी उगम पावते लोणावळ्याजवळ कुरवंड्याला. तिथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. चाकणला त्याच्या पाव हिस्साही नाही. म्हणजे आपल्याकडे ऊन पडलेलं असताना नदीला पूर येऊ शकतो. आपलं आभाळ बघून नदीचा अंदाज करायचा नाही.

दुसरा शब्द पूरमैदान. पात्राच्या दोन्ही अंगांना जी सपाट, गाळाची जमीन असते, ती नदीनेच गाळ टाकून तयार केलेली आहे. उन्हाळ्यात ती शेतकऱ्याची, पण मोठ्या पुरात नदीच तिथे पसरते. नदीच्या दृष्टीने ते पात्राचंच वाढीव अंगण आहे. जुनी गावठाणं बहुतेक उंचवट्यावर का, याचं उत्तर यात आहे.

आता रेषा. सरासरी २५ वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराचं पाणी जिथपर्यंत पोचतं, ती निळी पूररेषा. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. या रेषा जलसंपदा विभाग ठरवतो. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र. तिथे बाग, मैदान, शेती असले मोकळे वापर चालतात, घर नाही. निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. तिथे अटी पाळून बांधता येतं. मुख्य अट ही, की जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा वर हवं.

इथे एक मोठा गैरसमज आहे. ‘२५ वर्षांचा पूर’ म्हणजे एकदा आला की पुढची २५ वर्षं निवांत, असं नाही. त्याचा अर्थ, दर वर्षी तो येण्याची शक्यता चार टक्के. यंदा आला तरी पुढच्या वर्षी पुन्हा चार टक्केच. आता तुमचं गृहकर्ज २० वर्षांचं धरा. एवढ्या काळात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता निघते सुमारे ५६ टक्के! नाणं उडवण्यापेक्षा वाईट. लाल रेषेच्या पुराचा तोच हिशेब १८ टक्के होतो.

बातम्यांत ‘क्युसेक’ ऐकता ना? एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे जवळपास तीन टँकर. आता धरणातून पाच हजार सोडले म्हटलं की डोळ्यांसमोर टँकर आणा.

आणखी एक शब्द, फुगवटा. तुळापूरला इंद्रायणी भीमेला मिळते. भीमा भरून वाहत असेल तर इंद्रायणीचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. दापोडीला मुळेपुढे पवनेचं तेच होतं. म्हणून तुमच्या नदीवरच्या धरणाचा आकडा लहान दिसला तरी तेवढ्यावर थांबू नका.

आणि भराव. राडारोडा टाकून प्लॉट उंच केला की आपण सुटलो, असं वाटतं. पण तिथे मावणारं पाणी नाहीसं होत नाही. ते समोरच्या काठावर, शेजाऱ्याच्या घरात जातं.

हे सगळं कागदावरचं नाही. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेत ३६ बंगले उभे राहिले होते. राष्ट्रीय हरित लवादाने २०२४ मध्ये ते पाडायला सांगितले, सर्वोच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नाही, आणि मे २०२५ मध्ये महापालिकेने ते पाडले. आयुष्याची कमाई घातलेली घरं होती ती.

सभेत प्रश्न आला, ‘सातबारा स्वच्छ आहे, मग भीती कसली?’ सातबारा जमीन कुणाची ते सांगतो, पाणी कुठवर येतं ते नाही. विसार देण्याआधी गट नंबर घेऊन नियोजन प्राधिकरणाकडे झोन दाखला आणि विकास आराखड्याचा नकाशा मागा, पूररेषेची खात्री करा. मग गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, ‘सगळ्यात मोठ्या पुरात पाणी कोणत्या झाडापर्यंत आलं होतं?’ नकाशा आणि म्हातारा दोघंही ‘चालेल’ म्हणाले, तरच पैसे मोजा.