प्राणवायू पहाटे मोजा

आळंदीत इंद्रायणीवर फेस तरंगू लागला की वर्तमानपत्रांत फोटो येतात, अधिकारी पाहणी करतात, नोटिसा निघतात. थेरगावच्या केजुबाई बंधाऱ्याखाली पवना फेसाळली की पुन्हा तेच होतं. फेस मुख्यतः साबण-डिटर्जंटमधल्या रसायनांमुळे येतो आणि तो सगळ्यांना दिसतो. मात्र तो ओसरल्यावर निवळ वाटणाऱ्या पाण्यात मासे जगतील का, हे दोन अदृश्य गोष्टी ठरवतात. एक म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू आणि दुसरी म्हणजे नायट्रोजन व फॉस्फरस ही पोषकद्रव्यं. खाड्यांचा आणि किनारी समुद्राचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ ही जोडी नेहमी एकत्र मोजतात, कारण एकीचा अर्थ दुसरीशिवाय लागत नाही.

या संशोधनाचं देशातलं मोठं केंद्र आहे गोव्यात दोनापावला इथे, 1966 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. संस्थेचे माजी संचालक डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी यांनी अरबी समुद्रातल्या नायट्रोजन आणि प्राणवायूच्या नात्यावर अनेक वर्षं काम केलं. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोलवरचं, पोषकद्रव्यांनी भरलेलं पण प्राणवायू कमी असलेलं पाणी किनाऱ्याजवळ वर सरकतं. त्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचा हलका थर पसरतो आणि वरची हवा खाली पोचेनाशी होते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास गोव्यासमोर तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपतो आणि सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. 2000 साली ‘नेचर’मध्ये नक्वी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की प्राणवायू अत्यंत कमी असलेला हा किनारी पट्टा सुमारे 1 लाख 80 हजार चौरस किलोमीटरचा आहे आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. हा वायू वजनाला वजन धरलं तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट उष्णता धरून ठेवतो. हा पट्टा मुळात निसर्गनिर्मित आहे, पण जमिनीवरून येणाऱ्या नायट्रोजनमुळे तो तीव्र होत असावा, अशी शक्यताही त्यांनी मांडली.

हे मोजतात कसं? लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने 1888 मध्ये शोधलेली पद्धत आजही जहाजावर वापरतात. घासलेल्या बुचाची काचेची बाटली हवेचा एकही बुडबुडा न राहू देता पाण्याने भरायची. तिच्यात मँगेनीज सल्फेट आणि मग आयोडाइड मिसळलेलं अल्कलीचं द्रावण सोडायचं. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो, मुळीच नसेल तर साका पांढराच राहतो. आम्ल घातलं की साका विरघळतो आणि आयोडीनचा पिवळा रंग येतो. मग ब्यूरेटमधून थेंब थेंब थायोसल्फेट सोडायचं. शेवटी स्टार्चमुळे आलेला निळा रंग ज्या थेंबाला उडतो, तो थेंब प्राणवायू किती होता ते सांगतो. 25 अंश तापमानाला समुद्रसपाटीवर एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. पिंपरी-चिंचवडच्या उंचीवर तो आणखी थोडा कमी. नदीची एवढीच शिल्लक असते. आंघोळीच्या पाण्यात तो किमान 5 मिलिग्रॅम असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे.

आता खर्चाची बाजू पाहू. एका माणसाच्या मलमूत्रातून दिवसाला साधारण 7 ग्रॅम नायट्रोजन बाहेर पडतो. पाण्यात त्याचा अमोनिया होतो आणि जिवाणू त्याचं नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. अमोनियातल्या प्रत्येक ग्रॅम नायट्रोजनमागे त्यांना साडेचार ग्रॅमहून अधिक प्राणवायू लागतो. म्हणजे एका माणसाच्या एका दिवसाच्या नायट्रोजनसाठी सुमारे 32 ग्रॅम, जवळपास चार हजार लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा प्राणवायू. 2011 च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सव्वासतरा लाख होती. त्यानंतर शहर किती वाढलं, ते वाकड, मोशी, चऱ्होलीकडे नजर टाकली तरी कळतं.

फॉस्फरसची वाट पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात थोडी वेगळी आहे. गाडीच्या पत्र्यावर रंग टिकावा म्हणून त्यावर आधी फॉस्फेटचा थर चढवतात, म्हणजे फॉस्फेटिंग करतात. मोठ्या कारखान्यांत त्यासाठी स्वतंत्र शॉप असतं. पावडर कोटिंगच्या छोट्या वर्कशॉपमध्ये टाक्यांची रांग असते. तेल काढणं, गंज काढणं, फॉस्फेटिंग आणि अधूनमधून पाण्याने धुणं असे जॉब एकेक टाकीत बुडत पुढे सरकतात. ते धुण्याचं पाणी चुना किंवा तुरटीने नीट साफ झालं नाही, तर फॉस्फेट गटारात, मग ओढ्यात, आणि चाकणच्या ओढ्यांतून इंद्रायणीत किंवा भामा नदीत.

पाण्यात फॉस्फरस पोचला की काय होतं, हे कॅनडात डेव्हिड शिंडलर यांनी 1973 मध्ये सुरू केलेल्या प्रयोगात स्पष्ट झालं. त्यांनी एका तळ्याच्या मधोमध पडदा लावला. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातला, दुसऱ्यात या दोन्हींबरोबर फॉस्फरसही. फॉस्फरसचा भाग शेवाळाने हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. आपल्याकडे हेच खत जलपर्णीला मिळतं. जलपर्णी प्राणवायू तयार करते, पण पानांतून तो बहुतांश हवेत जातो. खालच्या पाण्याला ऊन मिळत नाही आणि वारा पृष्ठभाग ढवळू शकत नाही.

जिथे जलपर्णी नाही पण सूक्ष्म शेवाळ आहे, तिथे घड्याळ महत्त्वाचं ठरतं. दिवसा शेवाळ प्राणवायू तयार करतं आणि दुपारी आकडा छान दिसतो. रात्री तेच शेवाळ, जिवाणू आणि मासे मिळून तो वापरत राहतात. सूर्योदयाच्या आधी साठा सर्वांत कमी होतो आणि मासे बहुधा तेव्हाच मरतात. दुपारी घेतलेला नमुना खोटा नसतो, पण त्यात पहाटेचं संकट दिसत नाही.

पिंपरीहून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर आहे, पण आपल्या नद्या पूर्वेला वाहतात. पवना दापोडीला मुळेला मिळते, इंद्रायणी तुळापूरला भीमेला. हे सारं पाणी समुद्राला मिळण्याआधी 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणात साचतं. खाडीत खाऱ्या पाण्यावर गोडं पाणी पसरतं, तसं खोल जलाशयात थंड पाण्यावर तापलेलं पाणी पसरतं आणि तळाची हवा तुटते. इंग्लंडमधल्या तळ्यांवर क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं होतं की प्राणवायू संपताच गाळातल्या लोहाला चिकटलेला फॉस्फरस सुटून पाण्यात परततो. आज शहरातून गेलेला फॉस्फरस अनेक वर्षांनीही शेवाळ वाढवू शकतो. भिगवणचे मच्छीमार आणि सोलापूरचे नळ याच पाण्यावर अवलंबून आहेत.

उपाय माहीत आहेत. सांडपाणी केंद्रात प्राणवायूविना चालणारा टप्पा जोडला की जिवाणू नायट्रेटचं निरुपद्रवी नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. तुरटीने किंवा लोहक्षाराने फॉस्फरस खाली बसतो. कारखान्यांसाठी फॉस्फेटऐवजी झिर्कोनियमवर आधारित प्रक्रिया उपलब्ध आहे. अडचण आहे ती काय मोजायचं हे ठरवण्यात. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर 2017 च्या अधिसूचनेत सांडपाणी केंद्रांसाठीच्या निकषांत नायट्रोजन आणि फॉस्फरस नव्हतेच. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने अधिक कडक मर्यादा सांगितल्या आणि त्यांत हे दोन्ही आले. सांडपाणी केंद्रातून निघालेलं पाणी सेंद्रिय घाणीच्या निकषावर पास होऊन अमोनियाने भरलेलं असू शकतं. ते कागदावर शुद्ध ठरतं आणि उरलेला प्राणवायू नदीला मोजावा लागतो.

म्हणून मागणी नेमकी हवी. रावेत, केजुबाई, दापोडी, मोशी, आळंदी आणि तुळापूर इथे पहाटे आणि दुपारी प्राणवायू मोजावा. त्याच वेळी घेतलेल्या वेगळ्या नमुन्यातून अमोनिया, नायट्रेट आणि फॉस्फेट तपासावं, आणि आकडे त्याच आठवड्यात लोकांसमोर यावेत. विंकलरची चाचणी रसायनशास्त्राची पदवी शिकवणाऱ्या महाविद्यालयातल्या मुलांना शिकता येते. पाण्यावर प्रक्रिया करायला कोट्यवधी रुपये मंजूर होतात. ते पैसे नदीच्या कामी आले की नाही, हे पहाटेच्या त्या आकड्यावरूनच ठरवता येईल.