विश्लेषण : नाट्यगृह, वाचनालयासाठी पोस्टर करण्याची इंटर्नशिप… काम काय, मानधन किती, डिझाइनची मालकी कोणाची?

महापालिकेचे नाट्यगृह, शतक ओलांडलेले सार्वजनिक वाचनालय, एखाद्या मंडळाचे सभागृह. अशा जागा कार्यक्रमांवर आणि भाड्यावर चालतात, पण त्यांच्याकडे जाहिरातीसाठी वेगळा विभाग नसतो. दुसरीकडे, डिझाइन आणि उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांना पोर्टफोलिओत दाखवण्यासारखे खरे काम हवे असते. यातूनच दोन-तीन महिन्यांच्या ‘ग्राफिक डिझाइन इंटर्नशिप’ जुळतात. मात्र काम सुरू झाल्यावर मानधन, श्रेय आणि फाइलच्या मालकीवरून खटके उडतात. ते टाळायचे असतील, तर काय ठरवून घ्यावे?

इंटर्नला नेमके काय करावे लागते?

इंटर्नशिप म्हणजे केवळ कार्यक्रमाचे पोस्टर, असा समज असतो. प्रत्यक्षात कामाची यादी बरीच मोठी असते : महिन्याचे कार्यक्रमपत्रक, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी प्रतिमा, इन्स्टाग्राम पोस्ट आणि स्टोरी, प्रवेशद्वारावरचा फ्लेक्स, सभागृहाच्या भाड्याचे दरपत्रक, सभासद नोंदणीचे माहितीपत्रक आणि आतले दिशादर्शक फलक.

यापैकी सर्वात दुर्लक्षित काम दरपत्रकाचे. शनिवार-रविवारच्या तारखांना मागणी असते, आठवड्याच्या मधल्या दिवसांचे काय? सभागृह तालमीसाठी, कार्यशाळेसाठी किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मिळते, आसनसंख्या किती, ध्वनिव्यवस्था भाड्यात आहे का, अनामत किती, ही माहिती एका पानावर नीट मांडली, तर व्यवस्थापकाला दिवसभर फोनवर तेच उत्तर द्यावे लागत नाही. संस्थेला थेट उत्पन्नाशी जोडलेले काम हेच असते.

मराठी अक्षरे हीच खरी परीक्षा का?

मराठी रंगभूमीला अक्षररचनेची मोठी परंपरा आहे. २०२० मध्ये निधन झालेले कमल शेडगे यांनी असंख्य नाटकांची शीर्षके आणि वृत्तपत्रीय जाहिराती घडवल्या. नाटकाचा स्वभाव त्याच्या शीर्षकातूनच प्रेक्षकाला कळत असे. आज तेच काम मोबाइलच्या पडद्यावर, काही इंचांत करावे लागते.

इथे तांत्रिक अडचणी सुरू होतात. परदेशी सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिपींची सोय निवडली नसेल, तर जोडाक्षरे फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उलट बाजूला जाते. कार्यक्रमांच्या पोस्टरवर हमखास येणाऱ्या ‘दुसऱ्या शनिवारी’ या शब्दांत ‘ऱ्या’ऐवजी ‘र्या’ छापले जाते. ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे मराठी वळणाऐवजी हिंदी वळणाची येतात. राज्य शासनाने २००९ च्या शासन निर्णयात मराठी वर्णांची रूपे ठरवून दिली आहेत. अनेक फॉन्टमध्ये भाषा ‘मराठी’ निवडली, की ही रूपे आपोआप येतात.

दुसरी अडचण जुन्या फाइलींची. अनेक संस्थांचे जुने साहित्य युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असते. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकूर अगम्य चिन्हांत उघडतो. त्यामुळे नवे काम युनिकोडमध्येच करावे. मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’, तसेच ‘टिरो देवनागरी मराठी’ हे फॉन्ट खुल्या परवान्याखाली मोफत मिळतात आणि व्यावसायिक कामातही वापरता येतात. इंटर्नशिप संपल्यावर संस्थेला फॉन्ट विकत घ्यावा लागत नाही, हा त्यांचा मोठा फायदा.

मोबाइलवरचे डिझाइन छापताना का बिघडते?

मोबाइलचा पडदा लाल, हिरवा, निळा (आरजीबी) या प्रकाशावर चालतो, छपाई निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या (सीएमवायके) शाईवर. पडद्यावरचा झगझगीत केशरी किंवा पोपटी रंग कागदावर मंद होतो, तो त्यामुळेच.

आकाराचेही गणित असते. ए-३ पोस्टर ३०० डीपीआयने छापायचे, तर प्रतिमा साधारण ३५०८ बाय ४९६१ पिक्सेलची लागते. इन्स्टाग्रामची १०८० पिक्सेल रुंदीची पोस्ट तशीच ताणली, तर अक्षरांच्या कडा फाटतात. कागदी छपाईत कापणीसाठी चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जादा जागा सोडण्याची पद्धत आहे. फ्लेक्सचे मोजमाप फुटांत होते आणि तो लांबून पाहिला जात असल्याने कमी डीपीआय चालतो. छपाईची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवली, तर ती दाबून लहान केली जाते. ती ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवावी.

एआय साधनांनी पार्श्वभूमीची चित्रे झटपट होतात, पण चित्रात देवनागरी मजकूर मागितला तर अक्षरे अनेकदा विचित्र येतात. मजकूर वेगळा टाइप करणे आणि संस्थेतील कोणाकडून तरी शुद्धलेखन तपासून घेणे, याला पर्याय नाही. तारीख आणि वार जुळतात का, हेही छापण्यापूर्वी पाहावे.

मानधनाबाबत नियम काय?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवी अभ्यासक्रमांत इंटर्नशिपला श्रेयांक मिळू लागले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चौकटीत इंटर्नशिपच्या एका श्रेयांकासाठी ३० तासांचे काम धरले जाते. म्हणजे चार श्रेयांकांसाठी १२० तास. मात्र श्रेयांक मिळतो म्हणून संस्थेने मानधन दिलेच पाहिजे, असे त्यातून आपोआप ठरत नाही.

शासकीय योजनांचे निकष वेगळे आहेत. राज्याने २०२४ मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना दरमहा ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये विद्यावेतन ठरवले गेले. केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा दरमहा ५ हजार रुपयांची होती, पण ती देशातील आघाडीच्या ५०० कंपन्यांसाठी आखली गेली. गल्लीतले वाचनालय त्यात बसत नाही.

म्हणून छोट्या संस्थेत सगळे आपसांतील करारावर येते. रोख मानधन शक्य नसेल, तर निदान प्रवासखर्च, चाचणी छपाईचा खर्च आणि तासांची मर्यादा लेखी हवी. ‘शिकायला मिळते’ या सबबीखाली रोज रात्री अकराला ‘फक्त एक छोटा बदल’ मागितला जाऊ लागला, तर ती इंटर्नशिप राहत नाही. एका डिझाइनमध्ये किती वेळा बदल होतील आणि सूचना कोण देणार, हे आधीच ठरलेले बरे. समितीचे पाच पदाधिकारी पाच वेगळ्या सूचना देतात, तेव्हा काम तिथेच अडते.

डिझाइन कोणाच्या मालकीचे?

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार कलाकृतीचा पहिला मालक साधारणपणे तिचा निर्माता असतो. पण नोकरीच्या किंवा शिकाऊ उमेदवारीच्या करारात काम झाले असेल आणि उलट काही ठरले नसेल, तर मालकी नियोक्त्याकडे जाते. इंटर्नशिप नेमकी यापैकी कशात बसते, हे कागदावर काय लिहिले आहे यावर बरेच अवलंबून असते. कागदच नसेल, तर वादाला जागा राहते.

हक्क संस्थेला द्यायचे असतील, तर कलम १९ नुसार ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारत, असे धरले जाते. बोधचिन्ह वर्षानुवर्षे वापरायचे असल्याने संस्थेनेही ही मुदत स्पष्ट लिहून घ्यावी. मालकी दिली तरी निर्माता म्हणून ओळख सांगण्याचा हक्क कलम ५७ नुसार डिझाइनरकडेच राहतो. पोर्टफोलिओत काम दाखवण्याची परवानगी मात्र करारात वेगळी नमूद करणे सोयीचे.

इतर कोणती काळजी घ्यावी?

- इंटरनेटवर सापडलेले छायाचित्र मोफत नसते. कलाकाराचे छायाचित्र आयोजकांकडूनच, छायाचित्रकाराच्या परवानगीसह घ्यावे.
- बालनाट्य किंवा शिबिरातील मुलांची छायाचित्रे वापरण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्यावी.
- फ्लेक्स कुठे लावायचा, हे डिझाइनपूर्वी विचारावे. विनापरवाना फलकांवर मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायदा, १९९५ नुसार कारवाई होऊ शकते. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये बेकायदा फलकांविरोधात सविस्तर निर्देश दिले होते.
- क्यूआर कोड छापील नमुन्यावरून, साध्या फोनने तपासावा. फ्लेक्स उंचावर जाणार असेल तर कोडऐवजी ठळक फोन क्रमांक उपयोगी.
- ज्येष्ठ प्रेक्षक मोठे असतील, तर वेळ, ठिकाण आणि तिकीटदर मोठ्या अक्षरांत असावेत. लिफ्ट किंवा उतार असल्यास तेही लिहावे.

शेवटच्या दिवशी काय सोपवायचे?

इंटर्न गेला आणि त्याच्याबरोबर मूळ फाइलही गेली, हा अशा संस्थांचा नेहमीचा अनुभव. पुढच्या महिन्याची तारीख बदलायलाही मग नव्याने पैसे मोजावे लागतात. त्यामुळे संपादन करता येणाऱ्या फाइल, फॉन्टची नावे, रंगांचे क्रमांक आणि तीन-चार तयार साचे संस्थेच्या स्वतःच्या ईमेल खात्यावर असावेत, इंटर्नच्या वैयक्तिक खात्यावर नव्हे. साचा असा हवा, की कार्यालयातील लिपिकाला केवळ नाव, तारीख आणि छायाचित्र बदलता येईल.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने कामाचा पुरावाही तितकाच महत्त्वाचा. ‘समाधानकारक काम केले’ अशा एका ओळीच्या प्रमाणपत्रापेक्षा कोणती कामे केली, किती तास दिले, किती प्रती छापल्या गेल्या, हे लिहिलेले पत्र नोकरीच्या मुलाखतीत जास्त उपयोगी पडते. हे सगळे एका पानाच्या करारात मावते. ते पान पहिल्या पोस्टरच्या आधी तयार झाले, तर नाट्यगृहालाही परवडते आणि डिझाइनरलाही.