अंगठ्याएवढं मुखपृष्ठ

दिवाळी अंकांच्या स्टॉलसमोर उभं राहिलं की नजर आधी मुखपृष्ठावर जाते, अनुक्रमणिका त्यानंतर. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या चित्रांनी मराठी घरांना ही सवय लावली. अंक हातात घेतला गेला तरच आतली कथा वाचली जाणार. नाही घेतला, तर कथा कितीही सुंदर असो, ती स्टॉलवरच पडून राहणार.

मोबाइल आणि कॉम्प्युटरवरच्या गेमच्या दुकानातही हेच चालतं. फरक इतकाच, की तिथलं मुखपृष्ठ अंगठ्याच्या नखाएवढं असतं, आणि स्टॉल कधी संपतच नाही. कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या ‘स्टीम’ या दुकानात आता वर्षाला दहा हजारांहून अधिक नवे गेम येतात.

हे सगळं आपल्या मासिकात कशासाठी? कारण आपल्या बडोद्यातही कॉलेजमधली आणि नोकरीला लागलेली मुलं शनिवार-रविवारी गेम बनवू लागली आहेत. एकट्याने किंवा दोघा-तिघांनी मिळून बनवलेल्या अशा गेमला ‘इंडी गेम’ म्हणतात. त्यातले बरेचसे कोड्यांचे असतात, कारण कोड्याला मोठी टीम किंवा मोठा खर्च लागत नाही; डोकं लागतं. दोन वर्षांच्या रात्री त्यात जातात. आणि मग शेवटच्या आठवड्यात कुणीतरी म्हणतं, “अरे, कव्हर राहिलंच की! गेममधलाच एखादा स्क्रीनशॉट टाकून दे.” दोन वर्षांच्या मेहनतीचं भवितव्य तिथे ठरतं, म्हणून हा लेख.

कोड्याचं चित्र काढायचं कसं?

मारामारीच्या गेमचं कव्हर सोपं असतं. तलवार, राक्षस, मागे आग. बघणाऱ्याला काय ते कळतं. कोड्याची मजा मात्र डोक्यात घडते. अडकणं, चिडणं, आणि मग एकदम “अरेच्चा!” त्या “अरेच्चा”चा फोटो कसा काढणार?

गाजलेल्या गेमनी यावर वेगवेगळी उत्तरं शोधली. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव यांनी ‘टेट्रिस’ बनवला. त्यात ना नायक, ना गोष्ट. नुसते वरून पडणारे ठोकळे. पुढे पाश्चात्त्य देशांत तो विकायला आला, तेव्हा त्याच्या खोक्यांवर मॉस्कोच्या सेंट बेसिल चर्चचे घुमट झळकले. खेळाला चेहरा नव्हता, तर त्याच्या गावाचा चेहरा दिला.

२०१४ मध्ये आलेल्या लंडनच्या ‘मॉन्युमेंट व्हॅली’ने दुसरी वाट धरली. डच चित्रकार एशर यांच्या अशक्य इमारतींवरून सुचलेला हा गेम. जिने असे, की वर चढावं आणि खालीच पोचावं. त्या जगात टोकदार टोपी घातलेली इडा नावाची एक इवलीशी पांढरी राजकन्या. एवढ्या मोठ्या गुंत्यात ती एकटी आकृती दिसली की “ही इथून पार कशी होणार?” हा प्रश्न आपोआप पडतो.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. फिनलंडच्या आर्वी तेइकारी यांचा ‘बाबा इज यू’ हा २०१९ चा गेम. यात शब्दच ठोकळे असतात. ते ढकलून वाक्य बदललं की खेळाचा नियमच बदलतो. आणि गेमचं नाव, ‘बाबा म्हणजे तू’, हाही त्यातलाच एक नियम आहे! नुसतं नाव लिहिलं तरी खेळ काय आहे याची चुणूक मिळते.

तिन्हींत मिळून एक गोष्ट दिसते. चांगलं कव्हर कोड्याचं उत्तर देत नाही आणि सगळे नियमही सांगत नाही. ते बघणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न सोडून जातं.

ठिपक्यांचं उदाहरण

समजा, आपण ठिपक्यांच्या रांगोळीवर एक गेम बनवला. हात न उचलता, एकाच रेषेवरून दोनदा न जाता सगळे ठिपके जोडायचे. नाव ठेवलं ‘ठिपके’. कव्हरसाठी पहिला विचार येतो तो म्हणजे रंग भरलेली पूर्ण रांगोळी, कडेला पणत्या, मागे वाडा. चित्र देखणं होईल, पण ते दिवाळीच्या शुभेच्छापत्रासारखं दिसेल. यात खेळायचं काय, ते कुणालाच कळणार नाही.

आता दुसरं चित्र. गेरूने सारवलेली गडद जमीन. नऊ पांढरे ठिपके. सात जोडले गेलेत, दोन राहिलेत. चिमटीत रांगोळी धरलेली बोटं मध्येच थबकलीत. बघणाऱ्याची नजर आपोआप उरलेल्या दोन ठिपक्यांकडे जाते आणि मनातल्या मनात तो रेघ ओढू लागतो. दुकानातच त्याचा खेळ सुरू झाला!

हे चित्र लहान केलं तरी टिकतं, हा त्याचा दुसरा फायदा. स्टीमवर एकाच गेमसाठी अनेक मापांची चित्रं द्यावी लागतात. आडवं हेडर चित्र ९२० × ४३० पिक्सेलचं, उभं ७४८ × ८९६ चं, आणि शोधयादीतलं छोटं ४६२ × १७४ चं. ते छोटं चित्र पडद्यावर कधीकधी १२० × ४५ इतकंच दिसतं. त्यात वाडा, पणत्या आणि नक्षी या सगळ्याचा नुसता चिखल होतो. म्हणून छोट्या मापात बोटं, जमीन सगळं काढून टाकावं आणि जवळजवळ पूर्ण जागा नावाला द्यावी. मोठं चित्र नुसतं दाबून लहान करू नये. प्रत्येक मापासाठी मांडणी नव्याने करावी. गूगल प्लेवर ५१२ × ५१२ चा चौकोनी आयकॉन असतो. नाव खाली लिहून येतंच, तेव्हा तिथे उलट करावं: अक्षरं काढावीत आणि तीन ठिपके व एक अर्धी रेघ ठेवावी.

नावाची अक्षरं जाड असावीत. देवनागरीत काम करणाऱ्यांनी वेलांट्या, मात्रा आणि जोडाक्षरं लहान मापात वाचता येतात का, ते आवर्जून बघावं. रंग दोन किंवा तीन पुरेत.

कव्हर खोटं बोललं तर?

कव्हर म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेला शब्द. २०२० साली ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने ‘होमस्केप्स’ आणि ‘गार्डनस्केप्स’ या गेमच्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. जाहिरातीत दाखवलेली खिळे ओढायची कोडी प्रत्यक्ष गेममध्ये फार थोडी होती. मोठी कंपनी असा फटका सोसते. एकट्यादुकट्याला ते परवडत नाही. स्टीमवर गेम घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला असेल, तर पैसे परत मागता येतात. फसवून आणलेलं गिऱ्हाईक पैसेही परत नेतं आणि वाईट अभिप्रायही लिहून जातं.

दुकानांचे नियमही कडक झालेत. सप्टेंबर २०२२ पासून स्टीमच्या या चित्रांवर गेमचं नाव सोडून पुरस्कार, अभिप्रायांचे तारे किंवा सवलतीची घोषणा लिहिता येत नाही. गूगल प्लेही आयकॉनवर ‘नंबर वन’ किंवा ‘फ्री’ अशी जाहिरात चालवून घेत नाही.

चित्र कुणी काढायचं?

आम्हा प्रोग्रॅमर लोकांना वाटतं, आपणच करू. पण हे वेगळं कौशल्य आहे. आपल्या शहरात सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्सची फॅकल्टी आहे. तिथे शिकलेली कितीतरी मुलं-मुली आपल्या ओळखीत असतील. त्यांना “जरा एक चित्र काढून दे ना” असं फुकटात सांगू नका. रीतसर मोबदला ठरवा, नाव द्या, किती वेळा बदल करून मिळणार ते आधी लिहून घ्या. नाव आणि चित्र वेगवेगळ्या लेयरवर मागा, म्हणजे प्रत्येक माप जुळवताना अडचण येत नाही. एआयने बनवलेलं चित्र वापरणार असाल, तर २०२४ पासून स्टीमला तसं कळवावं लागतं आणि ती नोंद गिऱ्हाइकालाही दिसते.

शेवटची परीक्षा घरीच

गूगल प्लेवर दोन आयकॉन वेगवेगळ्या लोकांना दाखवून कुठला चालतो ते बघायची सोय आहे. पण त्याआधी घरातली परीक्षा घ्या. दुकानाच्या यादीचा एक स्क्रीनशॉट काढा आणि त्यात आपलं छोटं चित्र दहा दुसऱ्या गेममध्ये बसवा. फोन हातभर लांब धरून आत्याला, शेजारच्या काकांना, भाचरांना दोन सेकंद दाखवा. “कसं वाटलं?” असं विचारू नका, आपली माणसं “छान!” म्हणणारच. “यात काय करायचं असेल?” असं विचारा.

भाचीने हवेत बोटाने रेघ ओढली, तर कव्हर झालं. “रांगोळीचं पुस्तक आहे का?” असं आत्याने विचारलं, तर परत कागद-पेन्सिल घ्या. गेम दुकानात लागायच्या आधीच हे कळलेलं बरं.