गांजा, भांग आणि बर्डीवरची बाटली

कोर्टाचे काम असो, लग्नाचा बस्ता असो की बियाण्याची चौकशी असो, नागपूरला आलेला गावाकडचा माणूस सीताबर्डीला चक्कर टाकल्याशिवाय परत फिरत नाही. व्हरायटी चौकापासून लोहापुलापर्यंतची गर्दी, मोदी नंबरच्या गल्ल्या, पिशव्या सांभाळत चालणारी बायामाणसे, हे सारे तुमच्या पाहण्यातले आहे. अशा बाजारात औषधी दुकानाच्या काचेआड आता एखादे वेळी नव्या तऱ्हेची बाटली दिसते. बाटली बोटाएवढी, किंमत मात्र डोळे विस्फारणारी. तिच्यावर बोटाबोटांच्या पानाचे चित्र असते. तुम्हाला ते पाहून आधी अंबाडीच आठवेल. पण ती अंबाडी नव्हे, ते गांजाचे पान आहे.

समजा, तुमच्या घरी आजीचे गुडघे धरले आहेत, किंवा नातवाला फिट येतात. कोणी सांगितले, "ते सीबीडीचे तेल घेऊन जा, नशा नाही, अपाय नाही." तुम्ही ते घ्यावे की नाही? बाटलीत काय आहे हे कळल्याशिवाय याचे उत्तर देता येत नाही. म्हणून आधी झाड समजून घेऊ.

गांजाचे झाड पपईसारखे असते. नर वेगळा, मादी वेगळी. मादीच्या फुलोऱ्यावर चिकट राळ धरते आणि सारा गुण-अवगुण त्या राळेत साठतो. नर उपटून टाकले की परागीकरण होत नाही, बी धरत नाही आणि फुलोरा अधिक चिकट होतो. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना ही विद्या ठाऊक होती. इंग्रजी अमलात मध्यप्रांतात खंडव्याच्या भागात सरकारी परवान्याने गांजा पिकत असे, आणि त्या प्रांताची राजधानी आपले नागपूरच होते. १८९३-९४ साली सरकारने या सगळ्याच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याने देशभर साक्षी घेतल्या आणि सरसकट बंदीची शिफारस केली नाही. फुलोरा म्हणजे गांजा, वेगळी काढलेली राळ म्हणजे चरस, आणि पानांची भांग, हे तीन भेद तेव्हाही लोकांच्या तोंडी होते.

राळेत शंभराहून अधिक द्रव्ये आहेत. त्यांतली दोन मुख्य: टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल म्हणजे टीएचसी, आणि कॅनाबिडिऑल म्हणजे सीबीडी. झाड ही दोन्ही एकाच मूळ द्रव्यापासून तयार करते. कोणते जास्त करायचे हे बियाण्याच्या जातीवर ठरते. ज्वाला मिरची जाळते आणि ढोबळी मिरची गोड लागते, दोन्ही मिरच्याच, तसेच हे. गंमत अशी की दोन्हींच्या कणात कार्बनचे अणू २१, हायड्रोजनचे ३० आणि ऑक्सिजनचे २. साहित्य तेच, फक्त मांडणी निराळी.

पण त्या मांडणीनेच सारा फरक पडतो. आपल्या मेंदूत काही कुलपे आहेत असे समजा. टीएचसीची किल्ली त्या कुलपात बसते. मग डोके हलके होते, वेळेचे भान सुटते, छाती धडधडते, तोंड कोरडे पडते, आणि एखाद्याला उगीच भीती वाटू लागते. सीबीडीची किल्ली त्या कुलपात नीट बसत नाही, म्हणून तिची नशा होत नाही. मात्र शरीरात इतर ठिकाणी तिचे काम चालते. सीबीडी १९४० साली अमेरिकेत रॉजर अॅडम्स यांनी वेगळे काढले. टीएचसी १९६४ साली इस्राएलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी शुद्ध स्वरूपात मिळवले. पुढे १९९२ साली मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत असे दिसले, की त्या कुलपाची एक किल्ली आपला मेंदू स्वतःच घडवतो. त्या द्रव्याला त्यांनी नाव दिले आनंदामाइड. त्यातला 'आनंद' आपल्या संस्कृतातला आहे.

होळीला भांग पिऊन गोंधळ उडतो त्याचे कारणही इथेच आहे. टीएचसी पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळते, म्हणून ती दुधात, तुपात घोटतात. पोटातून गेलेल्या भांगेला चढायला अर्धा ते दोन तास लागतात. "काहीच होत नाही" म्हणून माणूस दुसरा पेला घेतो, आणि मग दोन्ही एकदम चढतात. वाढत्या वयाच्या मुलांना आणि ज्यांच्या घरात वेडाचा आजार आहे त्यांना हे फार महागात पडू शकते.

आता बाटलीकडे वळू. लेबलावर 'हेम्प सीड ऑइल' असेल तर ते बियांचे खाद्यतेल आहे. बीत ही दोन्ही द्रव्ये जवळजवळ नसतात. जे सापडते ते सालीला चिकटलेल्या राळेतून येते. उत्तराखंडात या बियांची चटणी घरोघर होते आणि तिने कोणाला नशा होत नाही. सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ साली या बिया, त्यांचे तेल व पीठ अन्न म्हणून मान्य केले. जवसाच्या तेलासारखे ते खावे, पण सीबीडीच्या भावाने घेऊ नये.

सीबीडीची बाटली निराळी. ती बहुधा पानांच्या अर्काची असते आणि आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर 'विजया' या नावाने बनते. ती वैद्य किंवा डॉक्टरच्या चिठ्ठीवरच घ्यायची. लेबलावर सीबीडी किती मिलिग्रॅम आणि टीएचसी किती, हे दोन्ही आकडे शोधा. 'फुल स्पेक्ट्रम' लिहिले असेल तर आत टीएचसीही आहे असे धरून चाला. दुसरा आकडा दिलेलाच नसेल तर बाटली परत ठेवा.

फिट येणाऱ्या लेकराची गोष्ट जरा थांबून सांगितली पाहिजे, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. सीबीडी फिटवर चालते हे खोटे नाही. अमेरिकेच्या औषध खात्याने २०१८ साली एपिडिओलेक्स नावाचे शुद्ध सीबीडीचे औषध लहानपणीच्या दोन दुर्मिळ, हट्टी फिटच्या आजारांसाठी मान्य केले. पण मात्रा पाहा. सुरुवातच दिवसाला दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅमने होते. म्हणजे वीस किलोच्या मुलाला रोज १०० मिलिग्रॅम. बाजारातल्या ३० मिलिलिटरच्या बाटलीत समजा एकूण १,००० मिलिग्रॅम आहे, तर दोन थेंबांत जेमतेम तीन मिलिग्रॅम येते. म्हणून आपणच बाटली ओतायची काय? मुळीच नाही. या मात्रेला यकृताला त्रास होऊ शकतो, आणि मुलाला व्हॅल्प्रोएट चालू असेल तर अधिकच. म्हणून ते देताना डॉक्टर रक्त तपासत राहतात. दोन थेंबांच्या भरवशावर फिटची रोजची गोळी बंद केली, तर फिट उसळून येते आणि थांबतच नाही, असेही होते. ती गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नका. आजीला रक्त पातळ करण्याची गोळी असेल तर तिच्याबाबतही आधी डॉक्टरांना विचारा; सीबीडीमुळे त्या गोळीचा जोर वाढतो.

कायद्याचे गणित आणखी वेगळे. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा गांजा ओळखताना टीएचसीचा टक्का पाहत नाही, झाडाचा भाग पाहतो. फुलोरा म्हणजे गांजा; फुलोऱ्याशिवायची नुसती पाने आणि बी त्यातून वगळली आहेत. पण पाने मोकळी झाली असे समजून फसू नका. महाराष्ट्राच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय भांग बाळगणेही गुन्हाच आहे. झाड लावण्याला तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तुरीच्या ओळीत चार झाडे लपवली तरी ती लागवडच ठरते.

कोणी दलाल गावात येऊन "हे नशेचे नव्हे, बी आमचे, माल आम्ही उचलू" म्हणाला, तर आपल्या जिल्ह्यातल्या तुमच्या गट नंबरावर दिलेला सरकारी परवाना दाखव म्हणा. उत्तराखंडाने २०१८ मध्ये परवाने दिले ते ०.३ टक्क्यापर्यंत टीएचसी असलेल्या झाडांसाठी. तो आकडा पाळणेही सोपे नाही. या झाडाचे पराग वाऱ्यावर लांब जातात, आणि घरचे बी पुढल्या वर्षी पेरले तर टक्का कुठे जाईल सांगता येत नाही. परवाना तिथला आणि शेत विदर्भातले, तर तुरुंगात दलाल नव्हे, सातबारावर नाव असलेला जातो.

अंबाडीवाल्यांनी मात्र घाबरू नये. अंबाडीचे पान एकच असते, ते खोलवर चिरलेले असते. गांजात देठाच्या टोकाला सुट्या पात्या असतात, कडा करवतीसारख्या. अंबाडीला फूल येते ते पिवळे, मध्ये गडद लाल. बांधावरच्या झाडाबद्दल शंका असेल तर कृषी सहायकाला बोलावून दाखवा, तोडून घरी आणू नका.

आणि दुबईला निघालेल्या मुलाच्या पेटीत आजीच्या गुडघ्याचे हे तेल चुकूनही जाऊ देऊ नका. आखाती देशांतले कायदे आपल्याहून कडक आहेत, आणि तिथल्या विमानतळावर नागपूरच्या वैद्याची चिठ्ठी चालत नाही.