बरोबर उत्तराची साक्ष

कागद-पेन्सिल घ्या आणि पाच पेट्या काढा. क, ख, ग या पेट्या गुणाकार करतात. प्रत्येकीत ३ आणि २ हे आकडे घातले आहेत, म्हणजे प्रत्येकीतून ६ बाहेर यायला हवेत. उरलेल्या दोन पेट्या बेरीज करतात: क आणि ख यांची उत्तरं प मिळवते, ख आणि ग यांची फ. दोन्हीकडे १२ यायला हवेत. प्रत्यक्षात प मधून आले १०, फ मधून १२. बिघाड कुठे आहे?

संशय अर्थातच प वर, आणि तिला आकडे पुरवणाऱ्या क, ख यांच्यावर. इथवर कुणीही पोचतं. आता त्या निरुपद्रवी १२ कडे बघा. एकट्या ख ने ६ ऐवजी ४ दिले असते, तर ते ४ फ कडेही गेले असते आणि तिथेही १० च आले असते. तसं झालेलं नाही. तेव्हा ख एकटी गुन्हेगार असूच शकत नाही. ती चुकली असेलच, तर दुसऱ्या कुणीतरी तिची चूक झाकली असेल, जसं की ग ने नेमके ८ देऊन. जिथे सगळं ठीकठाक आहे, तिथूनच सगळ्यात मोलाची साक्ष मिळाली! मी हे पहिल्यांदा सोडवलं तेव्हा बराच वेळ त्या १२ कडे बघत बसलो होतो.

योहान द क्लीर आणि ब्रायन विल्यम्स यांनी १९८७ साली हेच कोडं घेऊन निदान करणारा प्रोग्रॅम समजावून सांगितला. त्याच वर्षी टोरंटोच्या रेमंड रायटर यांनी या विचाराला गणिती पाया दिला. रायटर म्हणतात, आधी सगळे भाग निर्दोष माना. मग प्रत्यक्ष निरीक्षणाशी विसंगती आली, की कोणकोणते भाग एकाच वेळी निर्दोष असणं अशक्य आहे, ते तर्काने काढा. अशा प्रत्येक गटात निदान एक तरी दोषी असणारच. प्रत्येक गटातला कुणी ना कुणी जिच्यात आहे अशी दोषींची लहानात लहान टोळी, म्हणजे जिच्यातून एकालाही वगळता येत नाही अशी टोळी, हेच निदान.

यातली खरी गंमत अशी, की यंत्राला एकही बिघाड शिकवावा लागत नाही. १९७० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये तयार झालेला मायसिन हा प्रोग्रॅम रक्तातल्या जंतुसंसर्गाबद्दल सल्ला देत असे. ‘हे का विचारतोस?’ असं डॉक्टरांनी विचारलं, तर तो आपला नियम दाखवी. ते थोरच होतं. पण त्याचे शेकडो नियम तज्ज्ञांकडून एकेक करून गोळा करावे लागले होते आणि नियमांपलीकडचा आजार त्याला कळला नसता. रायटर यांच्या पद्धतीला धडधाकट यंत्र कसं वागतं एवढं कळलं की पुरतं. आणि ‘का?’ चं उत्तर वेगळं रचावं लागत नाही. मघाशी आपण ख ला सोडवलं, तो युक्तिवाद म्हणजेच स्पष्टीकरण.

विल्यम्स पुढे नासात गेले. तिथे त्यांनी पांडुरंग नायक यांच्यासह (हो, पांडुरंगच!) ‘लिव्हिंगस्टन’ नावाचा निदानकर्ता घडवला. मे १९९९ मध्ये तो डीप स्पेस १ या यानावर होता, पृथ्वीपासून साडेनऊ कोटी किलोमीटरांहून दूर. पृथ्वीवरून निघालेला संदेश तिथे पोचायला पाच मिनिटांहून अधिक लागत. यानाची दिशा सांभाळणाऱ्या इंजिनांपैकी एक अडकल्याचं सोंग इथल्या इंजिनीअरांनी मुद्दाम उभं केलं. यानाने ते ओळखलं आणि त्या इंजिनावाचून काम चालवलं. एका सेन्सरकडून खोटी माहितीही पाठवून बघितली. सेन्सरच खोटं बोलतोय हे ताडून यानाने त्याच्याकडे सरळ दुर्लक्ष केलं.

आपल्या पाच पेट्यांत अशा लहानात लहान टोळ्या चार निघतात. एकटी क, एकटी प, ख-ग ची जोडी, आणि चौथी मी मुद्दाम सांगत नाही. पेन्सिल तुमच्या हातात आहेच.