दगडी करणारे माळकरी जंतू

काटेवाडीसारख्या संकरित गाईंच्या गावात धार काढताना पहिल्या चार धारा काळ्या ताटलीत घ्या. गुठळ्या दिसल्या, कास गरम नि टणक लागली, की समजा दगडी, म्हणजे कासदाह. मागे बऱ्याचदा स्ट्रेप्टोकोकाय असतात. सूक्ष्मदर्शकाखाली अगदी मण्यांची माळ. रिबेका लान्सफिल्ड यांनी १९३३ मध्ये पेशीभित्तिकेतल्या शर्करेवरून त्यांचे ए, बी, सी असे गट पाडले. ‘ए’तला पायोजिनिस माणसाचा: घसा धरतो, क्वचित पुढे ऱ्हुमॅटिक तापातून हृदयाच्या झडपा बिघडतात. ‘बी’तल्या अ‍ॅगॅलॅक्टीच्या नावातच ‘दूध नाही’! तो कासेत मुक्काम ठोकतो, धार काढणाऱ्याच्या हातांनी पसरतो. त्याचेच भाईबंद नवजात बाळांच्या जिवावर उठतात. यूबेरिस बहुधा कुठल्याच गटात बसत नाही. तो शेणा-चिखलातून, ओल्या बसकणीतून सडात शिरतो.